जिन्यातला पांढरा दोरा

आमच्या भागात वायरमन चार-पाच होते, पण ऐकोबा एकच. कमी ऐकू येतं म्हणून लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. ठेवणाऱ्याची जीभ माझ्यापेक्षाही तिखट असणार. त्यांना एक गोष्ट तीनदा सांगावी लागायची आणि तिसऱ्या वेळेपर्यंत ती समोरच्या घरालाही पाठ व्हायची. दारावरची घंटा बिघडली की लोक त्यांनाच बोलवायचे, आणि दुरुस्त झाल्यावर ती वाजते का हे ते घरातल्यांनाच विचारून घ्यायचे. सत्तरीचे, सडपातळ, जाड भिंगांचा चष्मा, खिशात टेस्टर, कानामागे पेन्सिल. हसू यावं असा माणूस. मीही हसले आहे. पण एका सकाळी त्यांनी माझ्या घराची भिंत ऐकली, आणि तेव्हापासून त्यांच्याबद्दल बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

मी घरी बसून नकाशे काढते. मोजणीवाले कचेरीतून जमिनीचे आकडे आणून देतात, त्यावरून हद्दीच्या रेघा संगणकावर ओढायच्या, हे माझं काम. रेघ केसभर सरकली तरी दोन सख्खे शेजारी कोर्टात उभे राहतात, त्यामुळे नजर चोख लागते. तेव्हाचे मॉनिटर आजच्यासारखे पाटीएवढे चपटे नव्हते. मागे भलं थोरलं पोट, अर्धं टेबल त्यानेच खाल्लेलं. आमचं घर दुमजली. खालच्या मजल्यावर माझी थोरली नणंद, म्हणजे वन्सं, कपडे शिवतात. वर आम्ही दोघं. खिडकीतला उजेड डोळ्यांवर यायला लागला म्हणून मी टेबल उचलून जिन्याच्या भिंतीला लावलं, आणि तिसऱ्या दिवशी पडद्यावरच्या रेघा डुलायला लागल्या.

डुलायला म्हणजे थोड्याच. उभी सरळ रेघ मधूनच नागमोडी व्हायची, थरथरायची, जरा वेळाने पुन्हा ताठ. मग पुन्हा तेच. दुसऱ्या एखादीने मॉनिटरला थाप मारली असती आणि कचेरीला फोन केला असता. मी मात्र खुर्चीतच गार पडले, कारण सरळ रेघ वाकडी दिसायला लागली की पुढे काय होतं हे मी माहेरी पाहिलं होतं.

माझे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. काय हात होता त्यांचा. पट्टी न लावता हातभर लांब रेघ ओढायचे. एका वर्षी त्यांना सरळ रेघा मधोमध वाकलेल्या दिसायला लागल्या. मग दिसेल ते वाकडं सरळ करायला गेले, आणि सरळ होतं ते वाकडं होत गेलं. घरात कोणाला काही बोलले नाहीत. फक्त मला, दहा वर्षांच्या पोरीला, अधूनमधून हाक मारायचे. बघ गं, ही ओळ सरळ आहे का? मला वाटायचं, माझी परीक्षा घेताहेत. मला खेळायला पळायचं असायचं. मी न बघताच म्हणायचे, हो बाबा, सरळ आहे. पुढे एक दुकानदार पाटी परत घेऊन आला, चार लोकांत हसला. दोन वर्षांनी बाबांना समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी काळा ठिपका दिसायला लागला. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात. माझं ते न बघता दिलेलं उत्तर मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं.

तर अशी ही रेघ. मॉनिटर खराब असेल म्हणून कचेरीने दुसरा पाठवला. त्यावरही रेघा डुलल्या, आणि माझी पाचावर धारण बसली. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. दोन्हींनी तेच. दाराची चौकट मात्र सरळ दिसायची, पण घाबरलेल्या माणसाला एवढा विचार सुचतो कुठे. वन्संना तीनदा काहीतरी निमित्त काढून वर बोलावलं. हा रंग बरा दिसतोय का हो, असं विचारायचं. त्या यायच्या, चष्मा नाकावर चढवायच्या, छान आहे म्हणायच्या. त्या उभ्या असेपर्यंत रेघा शहाण्या मुलींसारख्या ताठ. त्या खाली गेल्या की पाच-दहा मिनिटांत पुन्हा लाटा. संध्याकाळी वन्संनी काम आवरल्यावर नवरा घरी यायचा, त्याला दाखवावं तर तेव्हाही सगळं जागच्या जागी. म्हणजे दिसत होतं ते मला एकटीलाच. दोन महिने मी हे पोटात ठेवलं. डोळे गेले तर काम जाणार होतंच, पण मला खरी भीती चेहऱ्यांची होती. सकाळी चहा देताना मी नवऱ्याचं तोंड इतकं निरखून बघायचे, की मला त्याचा कसलातरी संशय आलाय असं त्याला वाटायला लागलं.

त्यातच जिन्यातला दिवा रुसला. खालचं बटण दाबलं तर लागायचा, वरच्या बटणाला दाद द्यायचा नाही. नवऱ्याने ऐकोबांना निरोप दिला आणि स्वतः कामावर निघून गेला. हे घर मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी बांधलं तेव्हा वायरिंग ऐकोबांनी आपल्या वस्तादांच्या जोडीने केली होती, ऐन तरुणपणी. त्या नात्याने ते मला सूनबाई म्हणत. जिना चढून वर आले, माझ्या उघड्या दारात थांबले आणि आत बघत राहिले.

"सूनबाई, तुमचं चित्र हलतंय."

मी ताडकन उठले. काय म्हणालात, असं विचारलं. स्वतःचंच बोलणं दुसऱ्याला पुन्हा सांगण्याची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ असेल. "हलतंय म्हटलं, पाण्यासारखं."

मला रडूच कोसळलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तरी ते दिसलं होतं. मी जिन्यात जाऊन वन्संना ओरडून बोलावलं. खालून ‘आले, आले’ असा आवाज आला, मग पावलं वाजली, वन्सं दारात आल्या, आणि रेघा ताठ. कुठे काय हलतंय, असं त्यांनी विचारल्यावर माझं तोंड खर्रकन उतरलं. माझा साक्षीदार कोण, तर जाड भिंगांचा सत्तरीचा म्हातारा. दोन अधू नजरा मिळून एक धड नजर होत नाही.

वन्संनी माझ्या गालांवरचं पाणी बघितलं आणि मला खुर्चीत बसवून काय झालंय ते विचारलं. मी सांगून टाकलं. रेघा, बाबांचे डोळे, दोन महिन्यांची भीती, सगळं. फक्त ते उत्तर तेवढं सांगितलं नाही. ऐकोबांना यातलं किती ऐकू गेलं कोण जाणे. ते पडद्याकडे बघत होते, मग वन्संकडे, मग पुन्हा पडद्याकडे. शेवटी म्हणाले, तुम्ही आलात आणि हे थांबलं. वन्सं भडकल्या. मी काय भूत आहे का, म्हणाल्या. ऐकोबांनी शांतपणे विचारलं, खाली काय करत होतात? इस्त्री. आणि आता ती चालू आहे का?

इस्त्री चालू ठेवून मी कधी खोलीचा उंबरा ओलांडलेला नाही, हे वन्संनी मान ताठ करून सांगितलं. ते खरंच होतं. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या हातून एका गिऱ्हाइकाचा शर्ट जळला होता. तेव्हापासून घराला आग लागली तरी त्या आधी इस्त्री बंद करतील. मी कपाळावर हात मारला. तीन वेळा मी त्यांना साक्षीला बोलावलं होतं, आणि तिन्ही वेळा त्या पुरावा बंद करून वर आल्या होत्या.

ऐकोबांनी त्यांना इस्त्री उभी करून, चालू ठेवून वर यायला सांगितलं. वन्संना ते जमेना. दोन पायऱ्या चढायच्या आणि मागे वळायच्या. कशाबशा वर पोचल्या, तरी सगळं लक्ष खाली. पण पडद्याकडे नजर गेली आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

"अगं, खरंच डुलतंय की हे."

तिघंही बघत राहिलो. थोड्या वेळाने रेघा थांबल्या. इस्त्री तापून आतल्या आत बंद झाली, ऐकोबा म्हणाले. जरा वेळाने पुन्हा लाटा आल्या. आता परत तापायला लागली. खालच्या मजल्यावरची इस्त्री कधी तापते आणि कधी थांबते ते मला वरच्या मजल्यावर दिसत होतं. दोन महिने मी जिला माझं आंधळेपण समजत होते ती वन्संची इस्त्री होती.

पण इस्त्री खाली, मॉनिटर वर, मध्ये जाड छत. हिची वीज तिथवर आली कशी? ऐकोबांनी पिशवीतून हातात मावेल असा जुना टेपरेकॉर्डर काढला. त्याला झाकण नव्हतं, आत कॅसेट नव्हती. कॅसेटवरून आवाज उचलणारा जो छोटा भाग असतो, ज्याला ते हेड म्हणत, तो त्यांनी बाहेर काढून हातभर वायरीला जोडला होता. कानांवर हेडफोन चढवले, आवाज पुरता वाढवला, आणि डोळे मिटून ते हेड भिंतीवरून हळूहळू फिरवायला लागले. मध्येच थांबायचे, मागे यायचे, पुन्हा पुढे. माणसांचं ऐकायला माझे कान पुरत नाहीत, म्हणाले, पण भिंतीचं ऐकायला पुरतात.

मग त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर ठेवले.

आत एक जाड, खोल, एकसुरी गुणगुण चालू होती. हेड वीतभर बाजूला नेलं की ती विरायची, परत आणलं की डोकं भरून टाकायची. या भिंतीला पाठ टेकून मी कितीदा बसले असेन. चुना, विटा आणि एक जुनं कॅलेंडर, एवढंच मला तिच्यात दिसत आलेलं. तेवढ्यात आवाज एकदम थांबला. खाली इस्त्रीचं आतलं बटण पडलं होतं. आणि मग ती गुणगुण पुन्हा सुरू झाली, जिथे सोडली होती तिथूनच. इतकी वर्षं मी विजेला बटण दाबलं की हजर होणारी कामवाली समजत होते. ती तर घरभर फिरत होती, आमच्या उशापायथ्याशी, आम्ही जेवताना, भांडताना, झोपताना, आणि या कमी ऐकणाऱ्या म्हाताऱ्याला तिची चाहूल ओळखता येत होती. वन्संनीही हेडफोन लावून बघितले आणि त्या चक्क गप्प झाल्या. त्या गप्प होणं हेही त्या घरात मी पहिल्यांदाच बघत होते.

ऐकोबांनी समजावून सांगितलं. वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते. दोघी शेजारीशेजारी चालल्या की एकमेकींना आवरून धरतात, बाहेर कोणाला त्रास होत नाही. त्यातली एक एकटीच भलत्या वाटेने गेली की तिची ओढ बाहेर लागते, लोहचुंबकासारखी. मॉनिटरमधलं चित्र तसल्याच ओढीने पडद्यावर उमटवलेलं असतं, म्हणून ते हलतं. वन्सं पुटपुटल्या, म्हणजे नवरा-बायकोसारखंच की. हे मात्र ऐकोबांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं.

आवाजाचा माग काढत ते भिंतीवरून जिन्यात उतरले. जिन्याच्या वळणावर दिव्याची लाकडी पेटी आहे, हाताला येईल इतक्या उंचीवर. तिथे आवाज सगळ्यात मोठा होता. त्यांनी मेन बंद केला आणि स्क्रू फिरवता फिरवता मला त्यांच्या धंद्यातली एक रीत सांगितली. जुने वायरमन तारांचा जोड पिळून टेप लावला की त्यावर आपापल्या रंगाचा दोरा गुंडाळत. उद्या पेटी उघडणाऱ्याला कळलं पाहिजे, काम कोणाचं आहे. त्यांच्या वस्तादांचा दोरा काळा. ऐकोबा स्वतंत्र काम करायला लागले तेव्हा वस्तादांनी त्यांना पांढऱ्या दोऱ्याचं रीळ दिलं होतं. पांढरा दोरा दिसला की लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे, असं ते म्हणाले. अभिमानाने म्हणाले, आणि तो त्यांना शोभत होता.

झाकण निघालं. मी टॉर्च धरला होता. ते आत बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आत दोन मजल्यांच्या दोन परतीच्या तारा होत्या. त्या आपापल्या वाटेने जायला हव्या होत्या, आणि कोणीतरी त्या एकत्र पिळून टाकल्या होत्या.

"सूनबाई, माझ्या नजरेचा आता भरवसा नाही. तुमची चांगली आहे. नीट बघून सांगा, दोरा कोणत्या रंगाचा आहे?"

तुमची चांगली आहे. हे शब्द ऐकायला मी दोन महिने आसुसले होते, आणि ते आले ते असे. मी टॉर्च जवळ नेला. धूळ, कोळिष्टकं, आणि त्याखाली मळलेला दोरा. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. काळा म्हटलं असतं तर काम भागलं असतं. वस्ताद केव्हाच गेलेले, त्यांना काय फरक पडणार होता, आणि ऐकोबा ताठ मानेने घरी गेले असते. दहा वर्षांची मी तेच करून पळाले असते. मी धुळीवर फुंकर मारली, बोटाने दोरा पुसला आणि पुन्हा बघितला.

"पांढरा आहे, काका."

ते पायरीवर बसले. मग सांगितलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मामंजी इथेच खाली उभे होते, दिवा लागताना बघायला. वायर हातभर कमी पडली. खालच्या मजल्याची परतीची तार शेजारीच होती, ती वरच्या तारेला जोडून दिली. दिवा लागला, मामंजींनी पाठ थोपटली. आपण मोठी हुशारी केली असं त्यांना वाटलं. दिवा लागला म्हणजे काम झालं, असं वाटायचं ते वय होतं, म्हणाले. तेव्हापासून इस्त्रीची अर्धी वीज सरळ परत जात होती, आणि अर्धी वर चढून, माझ्या टेबलामागच्या भिंतीतून वळसा घालून. नुसतं चित्र हललं हे नशीब म्हणा. वरचा फ्यूज काढून कोणी हा जोड सोडवला असता, तर तार मेलेली समजून त्याने हात लावला असता, आणि खालची वीज त्याच्या अंगातून परत गेली असती.

त्यांनी तारा सोडवल्या, नवी वायर ओढून ज्याची त्याला दिली, दिव्याचं बटणही बदललं. मेन लावला. वन्सं खाली जाऊन इस्त्री लावून आल्या, या वेळी मागे वळून न बघता. आम्ही पडद्यासमोर उभे राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एक रेघ हलली नाही. मी काचेवर बोट ठेवून त्यातली एक वरपासून खालपर्यंत गिरवली. माझे डोळे माझेच राहिले होते.

जाताना ऐकोबांनी बजावलं की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या, भिंत तपासली म्हणजे डोळे तपासले असं होत नाही. मी गेले. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, वर्षाने या.

मला वाटलं, इथे सगळं संपलं. पण आठवड्याने ऐकोबा पुन्हा दारात हजर. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी माझ्या एका रद्दी नकाशाच्या पाठीवर सात घरं लिहिली. त्या सगळ्या जिन्यांत त्यांनी हीच हुशारी केली होती. ती एकेक करून उघडायची होती, आणि टॉर्च धरायला मी हवी होते. मीच का, विचारलं तर म्हणाले, तुम्ही बघून सांगता.

पाच रविवार आम्ही हिंडलो. प्रत्येक घरी ते आधीच सांगायचे, ही चूक माझी आहे. कमी ऐकणाऱ्याचा आवाज मुळातच मोठा, त्यामुळे अख्ख्या गल्लीला कळायचं. कोणी हसलं, कोणी हातात पाण्याचा पेला दिला. एका बाईने दारातच त्यांची चांगली हजेरी घेतली, ती त्यांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकली. प्रत्येक पेटीत मी बघायचे आणि सांगायचे, पांढरा. ते मान हलवायचे आणि कामाला लागायचे. लाज वाटत असताना इतक्या नीटपणे काम करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

शेवटच्या रविवारी यादी संपल्यावर ते वस्तादांच्या घरी थांबले. आता तिथे वस्तादांची लेक राहते. या घराची वायरिंग स्वतः वस्तादांनी केलेली. इथे काही नसणार, म्हणाले, पण दारावरून जातोच आहोत. पेटी उघडली. दोन मजल्यांच्या दोन तारा एकत्र पिळलेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काळा आहे, काका."

"नक्की?"

"नक्की. माझे डोळे चांगले आहेत."

ते त्या जोडाकडे बघत उभे राहिले. आमच्या म्हाताऱ्या वस्तादाने कधी सांगितलं नाही मला, म्हणाले, आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा हसले. मग तारा सोडवल्या, नवे जोड पिळले, आणि तोच काळा दोरा न तोडता, जपून, परत गुंडाळला.

त्या दुपारी मी वर न जाता सरळ वन्संच्या खोलीत गेले. त्या इस्त्री करत होत्या. बाबांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली आहे, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, इस्त्री बंद केली, आणि समोर बसल्या.